चौकटीतला आकडा

उरणच्या रस्त्याने जाणाऱ्या ट्रेलरवरचा कोणताही कंटेनर पाहावा. त्याच्या दारावर आणि बाजूंवर एक क्रमांक रंगवलेला असतो. सुरुवातीला रोमन लिपीतली चार अक्षरे, पुढे सहा आकडे आणि त्यानंतर, बहुधा एका छोट्या चौकटीत, एकटाच बसलेला सातवा आकडा. पहिली तीन अक्षरे मालकाची खूण असतात आणि त्यांची नोंद पॅरिस येथील बी.आय.सी. या संस्थेकडे केलेली असते. चौथे अक्षर पेटीचा प्रकार सांगते. मालाच्या कंटेनरवर ते ‘यू’ असते. सहा आकडे म्हणजे पेटीचा अनुक्रमांक. मग चौकटीतला आकडा कशासाठी?

हा आकडा मालकाविषयी काही सांगत नाही, पेटीविषयी सांगत नाही आणि आतल्या मालाविषयीही सांगत नाही. तो पुसून टाकला तरी कंटेनरची ओळख तसूभरही कमी होत नाही. तरीसुद्धा आयएसओ ६३४६ या आंतरराष्ट्रीय मानकाने तो कंटेनरवर लिहायला सांगितला आहे. वरवर पाहता हा निरर्थक आकडा. पण आपला दूरध्वनी, बँकेचा व्यवहार, उपग्रहाकडून येणारे चित्र हे सारे ज्या कल्पनेवर विसंबून आहे, तिचे अगदी साधे रूप या चौकटीत दडलेले आहे. शाळेतल्या गणिताने ती उलगडता येते. ती उलगडून पाहू या.

एक आकडा चुकला तर?

न्हावा आणि शेवा ही रायगड जिल्ह्यातील दोन गावे. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याचे अधिकृत नाव जवाहरलाल नेहरू बंदर असले, तरी मालाच्या कागदांवर ‘न्हावा शेवा’ हेच नाव सर्रास दिसते. वीस फुटी पेटी हे माप धरले, तर या बंदरातून आता वर्षाला साठ लाखांहून अधिक पेट्यांची ये-जा होते.

यातल्या प्रत्येक पेटीचा क्रमांक किती वेळा हाताळला जातो याचा विचार करा. बंदराच्या दारात तो वाचला जातो. सीमाशुल्काच्या कागदात तो लिहिलेला असतो. यार्डात पेटी कुठे ठेवली याची नोंद त्याच क्रमांकाने होते. क्रेनवाल्याला तोच सांगितला जातो आणि जहाजावर कोणती पेटी कुठे रचायची हेही त्यावरूनच ठरते. कधी माणूस तो वाचतो, कधी कॅमेरा. खाऱ्या हवेने रंग उडालेला असतो, दोरखंडाने ओरखडे पाडलेले असतात, रेडिओवर खरखर असते. अशा वेळी तीनाचा आठ होणे किंवा ५४ चे ४५ होणे यात नवल नाही.

समजा, नाशिकची द्राक्षे भरलेली एक शीतपेटी युरोपला जायची आहे आणि तिच्या क्रमांकातला एकच आकडा कागदावर चुकला. कागदावरची पेटी आणि दारातली पेटी यांचा मेळ बसणार नाही. चुकीचा क्रमांक खरोखरच दुसऱ्या कुणाच्या पेटीचा निघाला, तर गोंधळ आणखी वाढेल. जहाज तर ठरल्या वेळी निघून जाणार. द्राक्षांना थांबायला वेळ नसतो. म्हणून चूक टाइप होताक्षणीच लक्षात यायला हवी, जहाज सुटल्यावर नव्हे.

नवाचा ताळा आणि त्याची उणीव

केलेल्या हिशेबाची खात्री करण्याची आपल्याकडची जुनी रीत म्हणजे नवाचा ताळा. दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धांत’ या ग्रंथातही ती आढळते. संख्येतील अंकांची बेरीज करत जाऊन एक अंक उरवायचा. म्हणजेच संख्येला नवाने भागून बाकी पाहायची. ३०५४३८ या संख्येच्या अंकांची बेरीज २३ आणि २ व ३ मिळून ५. आपण हा ५ संख्येपुढे लिहून दिला, तर वाचणाऱ्याला ताळा करून पाहता येईल. वाचताना ३ चा ८ झाला, तर बेरीज २८ होऊन ताळा १ येईल आणि चूक उघडी पडेल.

पण या ताळ्यातून दोन चुका निसटतात. शून्याचा नऊ झाला किंवा नवाचा शून्य झाला, तर ताळा बदलत नाही. दुसरी चूक अधिक त्रासाची. ५४ च्या जागी ४५ लिहिले, तरी बेरीज तीच राहते. नेदरलँड्समधील गणिती याकोबुस व्हेरहूफ यांनी १९६९ साली माणसे आकडे लिहिताना कशा चुका करतात याची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सुमारे ७९ टक्के चुका एकच आकडा बदलल्याच्या होत्या आणि सुमारे १० टक्के चुका शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाल्याच्या. यातला दुसरा प्रकार नवाच्या ताळ्याला मुळीच दिसत नाही. कारण उघड आहे. बेरजेत सर्व जागा सारख्याच. कोणता अंक कुठे बसला आहे याची बेरजेला दखल नाही.

कंटेनरचा अकराचा ताळा

यावर उपाय असा की प्रत्येक जागेला वेगळे वजन द्यायचे. कंटेनर क्रमांकात चार अक्षरे आणि सहा अंक अशा दहा जागा आहेत. त्यांची वजने डावीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२ अशी दुपटीने वाढत जातात. अक्षरांनाही किमती दिल्या आहेत. ए ची १०, बी ची १२, सी ची १३ असे करत झेड ची ३८. मधले ११, २२ आणि ३३ हे अकराच्या पाढ्यातले आकडे वगळलेले आहेत. तसे का, ते लवकरच कळेल.

या विषयावरच्या लेखनात नेहमी दिले जाणारे एक उदाहरण घेऊ. क्रमांक आहे सी एस क्यू यू ३०५४३८. अक्षरांच्या किमती १३, ३०, २८ आणि ३२. प्रत्येक किमतीला तिच्या जागेच्या वजनाने गुणून बेरीज करू.

१३×१ + ३०×२ + २८×४ + ३२×८ + ३×१६ + ०×३२ + ५×६४ + ४×१२८ + ३×२५६ + ८×५१२ = ६१८५

६१८५ ला ११ ने भागले, तर बाकी ३ उरते. हाच चौकटीतला आकडा. त्याला आपण पडताळा अंक म्हणू.

आता ५ आणि ४ यांची अदलाबदल करून ३०४५३८ लिहू. बेरीज ६२४९ होते आणि बाकी १ येते. चौकटीत तर ३ आहे. चूक पकडली गेली. पहिल्या ३ चा ८ केला, तर बेरीज ६२६५ आणि बाकी ६. हीही चूक पकडली गेली.

असे प्रत्येक वेळी होईल का? एक अंक चुकला, तर बेरीज जितकी बदलते ती रक्कम म्हणजे ‘अंकांमधला फरक गुणिले त्या जागेचे वजन’. फरक १ ते ९ यांपैकी काही तरी असणार. वजन म्हणजे दोनाचा कोणता तरी घात. दोघांपैकी कशालाही ११ ने भाग जात नाही. ११ ही मूळ संख्या असल्याने त्यांच्या गुणाकारालाही भाग जात नाही. म्हणून बाकी बदललीच पाहिजे. शेजारच्या दोन जागांमध्ये एकीचे वजन दुसरीच्या दुप्पट असते. त्यामुळे अदलाबदलीने होणारा बदल म्हणजे ‘अंकांमधला फरक गुणिले लहान वजन’. पुन्हा तोच युक्तिवाद लागू पडतो. ११ ऐवजी १० ने भागले असते, तर हे जमले नसते. फरक ५ आणि वजन सम असले की गुणाकाराला १० ने भाग जातो आणि चूक निसटते.

विद्यार्थ्यांना आणखी एक गंमत दाखवता येईल. या दहा वजनांना ११ ने भागून बाक्या लिहायला सांगाव्यात. त्या येतात १, २, ४, ८, ५, १०, ९, ७, ३, ६. एकही बाकी पुन्हा येत नाही. दहा जागा आणि दहा वेगवेगळ्या बाक्या. म्हणून शेजारचे नसलेले दोन अंक एकमेकांच्या जागी गेले, तरीही बाकी बदलते. अक्षरांच्या किमतींतून अकराचे पाढे का वगळले, तेही आता स्पष्ट होईल. किंमत ११ असलेल्या अक्षराने बाकीत काहीच भर घातली नसती. ते अक्षर शून्य किमतीचे असल्यासारखेच झाले असते.

ही पद्धत निर्दोष मात्र नाही. बाकी १० आली तर काय करायचे? चौकटीत एकच अंक मावतो, म्हणून तिथे ० लिहितात. मग बाकी ० आणि बाकी १० यांतला भेद नाहीसा होतो. म्हणूनच बाकी १० देणारे अनुक्रमांक वापरू नयेत, अशी शिफारस आहे. २००७ पूर्वीच्या पुस्तकांवरच्या दहा अंकी आयएसबीएन क्रमांकातही अकराचाच ताळा आहे. तिथे बाकीचा हा प्रश्न एक्स हे अक्षर वापरून सोडवला होता. शाळेच्या ग्रंथालयात असे पुस्तक सहज सापडेल. दुसरी उणीव अक्षरांची. अक्षरे २६, पण शून्य सोडून बाक्या दहाच. त्यामुळे काही अक्षरांच्या बाक्या सारख्या येतात. सी, एम आणि डब्ल्यू या तिघांची बाकी २ आहे. एम च्या जागी डब्ल्यू वाचला गेला, तर चौकटीतला आकडा गप्प राहील.

ओळखणे वेगळे, दुरुस्त करणे वेगळे

आता खरा प्रश्न. चूक झाली आहे हे कळले, पण ती कुठे झाली हे कळते का?

आपल्यापर्यंत सी एस क्यू यू ८०५४३८ असा क्रमांक आला आणि चौकटीत ३ आहे, असे समजू. ताळा जमत नाही. मूळ क्रमांक कोणता असेल? ३०५४३८ ला ३ हा अंक जुळतो. पण ८३५४३८ लाही ३ जुळतो आणि ८०१४३८ लाही. तिन्हींमध्ये आलेल्या क्रमांकापेक्षा एकेकच अंक वेगळा आहे. शिवाय बाकी सारे बरोबर असून चौकटीतला आकडाच चुकीचा वाचला गेला असण्याचाही संभव आहे. यातून निवड करायला काहीच आधार नाही. पडताळा अंक ‘चुकले’ एवढेच सांगतो.

बंदरावर तेवढे पुरते. पेटी समोर उभी असते. मेळ बसला नाही की पुन्हा जाऊन क्रमांक वाचायचा. पण जिथे पुन्हा वाचणे किंवा पुन्हा विचारणे शक्य नाही, किंवा फार महाग पडते, तिथे काय करायचे?

हा प्रश्न अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांच्यापुढे उभा राहिला. १९४७ च्या सुमारास ते विजेच्या रिलेंवर चालणारे गणकयंत्र शनिवार-रविवारी वापरत. चूक झाल्याचे यंत्राला कळत असे. आठवड्यात अशा वेळी माणूस येऊन ती निस्तरत असे. सुट्टीच्या दिवशी माणूस नसल्याने यंत्र ते गणित सोडून सरळ पुढच्या गणिताला लागे. सोमवारी येऊन पाहावे, तर काम अर्धवट पडलेले. यंत्राला चूक झाल्याचे कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये, असा प्रश्न हॅमिंग यांना पडला. त्याचे उत्तर त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केले.

सात विद्यार्थ्यांचा खेळ

हॅमिंग यांची युक्ती वर्गात करून दाखवता येते. यंत्रातला संदेश ० आणि १ या दोनच अंकांत असतो. या प्रत्येक अंकाला बिट म्हणतात. सात विद्यार्थी ओळीने खुर्च्यांवर बसवावेत आणि त्यांना १ ते ७ क्रमांक द्यावेत. उभा राहिलेला विद्यार्थी म्हणजे १, बसलेला म्हणजे ०. संदेशाची चार बिटे ३, ५, ६ आणि ७ या जागांवर ठेवायची. १, २ आणि ४ या जागा राखणदारांच्या. प्रत्येक राखणदाराचा एक गट असतो.

पहिल्याचा गट: १, ३, ५, ७
दुसऱ्याचा गट: २, ३, ६, ७
चौथ्याचा गट: ४, ५, ६, ७

नियम एकच. प्रत्येक गटात उभे असलेल्यांची संख्या सम असली पाहिजे. ती तशी व्हावी म्हणून राखणदार उभा राहील किंवा बसून राहील.

समजा संदेश १०११ आहे. ३ उभा, ५ बसलेला, ६ आणि ७ उभे. पहिल्या गटात ३ आणि ७ असे दोघे उभे आहेत, म्हणून १ बसून राहील. दुसऱ्या गटात ३, ६, ७ असे तिघे उभे आहेत, म्हणून २ उभा राहील. तिसऱ्या गटात ६ आणि ७ असे दोघे उभे आहेत, म्हणून ४ बसून राहील. ओळ झाली ०११००११.

आता एका विद्यार्थ्याला वर्गाबाहेर पाठवावे आणि सातांपैकी कोणाही एकाची स्थिती बदलावी. समजा ६ ला खाली बसवले. बाहेरचा विद्यार्थी आत येऊन तीन गट तपासतो. पहिला गट ठीक आहे. दुसऱ्या गटात उभे असलेले तीन, म्हणजे विषम. चौथ्याच्या गटात उभा असलेला एक, म्हणजे तोही विषम. बिघडलेल्या गटांच्या राखणदारांचे क्रमांक २ आणि ४. त्यांची बेरीज ६. चूक सहाव्या जागी आहे! कोणतीही एक जागा बदला, बेरीज तीच जागा दाखवते. राखणदार स्वतःच बदलला, तर फक्त त्याचाच गट बिघडतो आणि तोही सापडतो.

असे का होते, याचे उत्तर विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे. १ ते ७ या संख्या १, २ आणि ४ यांच्या बेरजेने लिहायला सांगाव्यात. ६ म्हणजे २+४, म्हणून सहावा विद्यार्थी नेमका त्या दोन गटांत आहे. मात्र दोन जागा एकदम बदलल्या, तर ही युक्ती फसते आणि भलत्याच जागेकडे बोट दाखवते. तेही करून पाहावे.

अंतर राखले म्हणजे

कंटेनरला दहा जागांमागे एक जादा अंक लागला. इथे चार बिटांमागे तीन जादा बिटे लागली. इतका फरक का? न्हावा-शेव्याच्या खाडीत नांगरलेल्या होड्या डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक होडी वाऱ्याने थोडी वाहवते. नांगर जवळजवळ असतील, तर वाहवलेली होडी कोणत्या नांगराची हे सांगता येत नाही. ते पुरेसे दूर असतील, तर सर्वांत जवळचा नांगर तिचा, असे खुशाल म्हणावे. संकेतांचेही तसेच आहे. कोणत्याही दोन योग्य संकेतांत निदान दोन जागांचा फरक असेल, तर एक चूक ओळखता येते. तीन जागांचा असेल, तर एक चूक दुरुस्त करता येते. हॅमिंग यांच्या सोळा संकेतांत कोणत्याही दोघांत निदान तीन जागांचा फरक असतो. जादा बिटे हे अंतर विकत घेण्यासाठी खर्च होतात.

ठरावीक लांबीत एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर असे संकेत किती बसवता येतील, हा मग गणिताचा स्वतंत्र प्रश्न बनला. त्यात एका महत्त्वाच्या शोधनिबंधावर शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) यांचे नाव आहे. १९५९ साली राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासह त्यांनी ऑयलरचे लॅटिन चौरसांविषयीचे जुने अनुमान खोटे ठरवले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी हॅडमार्ड सारण्या व अशा दूरदूरच्या संकेतांचे संच यांचे नाते दाखवून दिले. पुढे श्रीखंडे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. हॅडमार्ड सारणीच्या कुळातलाच एक संकेत १९७१ साली मंगळाभोवती फिरलेल्या मरिनर-९ यानाने वापरला. सहा बिटांच्या प्रत्येक तुकड्यासाठी ते ३२ बिटे पाठवत असे. कोणत्याही दोन संकेतांत निदान १६ जागांचा फरक होता, म्हणून ३२ पैकी सात बिटे बिघडली तरी मूळ तुकडा परत मिळे. चित्र पुन्हा पाठव असे सांगून वाट पाहण्यात मंगळ आणि पृथ्वी यांच्यामध्ये फार वेळ गेला असता. तिथे पाचपटीहून अधिक खर्च परवडला.

परत बंदरावर

आता न्हावा शेवा बंदरावर हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी दिसतात. २०१६ पासून इथे कंटेनरला रेडिओ टॅग लावून त्याच्या प्रवासाची नोंद ठेवली जाते. टॅगाने पाठवलेल्या क्रमांकामागे सोळा बिटांची पडताळ्याची शेपटी असते. जमले नाही तर वाचक यंत्र पुन्हा विचारते, कारण टॅग समोरच असतो. चौकटीतल्या आकड्याचाच हा थोरला भाऊ.

ट्रेलरचालक जिथे चहा घेतो, त्या टपरीवरच्या क्यूआर चौकोनाची रीत निराळी. हा चौकोन १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांसाठी तयार झाला. त्यात इर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेला चूक-दुरुस्तीचा संकेत आहे. त्याच्या सर्वांत जादा बिटे घेणाऱ्या प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो. चहाचा डाग पडलेला कागद पुन्हा विचारून स्वच्छ होत नाही, म्हणून तिथे दुरुस्तीची सोय कागदावरच छापून द्यावी लागते.

चूक मुळीच होऊ नये, हे खाऱ्या हवेतही साधत नाही आणि अवकाशातही साधत नाही. पुन्हा विचारता येत असेल, तर थोडक्या जादा अंकांत चूक ओळखावी. येत नसेल, तर अधिक अंक खर्चून ती जागच्या जागी दुरुस्त करावी.

विद्यार्थ्यांसाठी दोन प्रश्न. पहिला: तुमच्या शाळेच्या नावातली तीन इंग्रजी अक्षरे, पुढे यू आणि आजची सहा अंकी तारीख घेऊन कंटेनर क्रमांक बनवा व त्याचा पडताळा अंक काढा. दुसरा: सात विद्यार्थ्यांची ओळ १११०१०१ अशी दिसते आहे आणि एकाची स्थिती बदललेली आहे. तो कोण, आणि मूळ संदेश काय होता?